वाचकांचे प्रश्न: मुलांचे होजिअरीचे टी-शर्ट आणि पायजमे

मुलांच्या घरात घालायच्या आणि रात्री झोपताना घालायच्या कपड्यांविषयी या वेळी इतकी पत्रे आली आहेत, की हे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली तरी बहुतेकांचे मूळ दुखणे एक आहे. पॉपलीन, वायल, खादी शिवण्याचा हात पक्का बसलेला असतो आणि त्याच हिशेबाने होजिअरीचे कापड बेतले की कपडा अंगावर नीट बसत नाही. हे कापड ताणले जाते हा त्याचा दोष नव्हे. त्याच गुणामुळे मुलांना ते आवडते. आधी कापड किती ताणते हे पाहावे आणि मगच मुलाच्या मापाला टेप लावावी, एवढी सवय लागली तर पुढच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे सासूबाईंचे जुने पायमशीन आहे आणि त्यावर फक्त सरळ टीप पडते. तीन वर्षांच्या मुलासाठी होजिअरीच्या कापडाचा टी-शर्ट शिवला. शिवताना मशीन मध्येच टीप सोडत होते, कडा लाटांसारख्या फुगल्या, दोन धुण्यांत मुंढ्याची (बाही जोडतात तिथली) शिवण उसवली आणि शर्ट आखूडही झाला. साध्या मशीनवर हे कापड शिवूच नये का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: शिवावे, अवश्य शिवावे. आपण लिहिलेल्या चारही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकीवर त्याच मशीनवर करता येण्याजोगा उपाय आहे.

मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. होजिअरीत मात्र स्वेटरप्रमाणे धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात; ओढले की फासा पसरतो, सोडले की तो पुन्हा मूळ आकाराला येतो. कारखान्यात रंगवताना आणि गुंडाळताना हे कापड लांबीच्या दिशेने ओढले जाते, आणि पहिल्यांदा पाणी लागले की ते फासे सैल होऊन आपापल्या जागी बसतात. यालाच आपण कापड आटले असे म्हणतो. म्हणून बेतण्यापूर्वी कापड धुणे हा या कामातला न टाळता येणारा भाग आहे. मी भाच्यासाठी शिवलेला पहिला टी-शर्ट न धुतलेल्या कापडाचा होता. पहिल्या धुण्यानंतर त्याने हात वर केले की सगळे पोट उघडे पडायचे, आणि ज्या कपड्यासाठी मी दोन संध्याकाळी मशीनवर बसले होते तो आठ दिवसांत शेजारच्या धाकट्या बाळाकडे गेला. आपल्याला खात्री करून घ्यायची असेल तर कापडावर २० इंचांचा चौकोन दोऱ्याने आखून घ्यावा, घरी जसे धुता तसेच कापड धुवावे आणि वाळल्यावर चौकोन पुन्हा मोजावा. लांबीत एक ते दीड इंच कमी भरले तर आश्चर्य वाटू देऊ नये. ओले कापड दोरीवर लोंबत ठेवले तर पाण्याच्या वजनाने ते पुन्हा ताणले जाते. ते खाटेवर किंवा चटईवर सावलीत पसरून वाळवावे.

टीप सुटते ती बहुतेक वेळा सुईमुळे. नेहमीच्या सुईचे टोक अणकुचीदार असते आणि ते धाग्यांमधून वाट काढण्याऐवजी धागाच छेदते. तिथून फासा तुटतो आणि पुढे गंजीला पडते तसे भोक पडते. या कापडासाठी किंचित गोल टोकाची बॉलपॉइंट सुई मिळते. पातळ कापडाला ११ नंबरची आणि जाड कापडाला १४ नंबरची सुई घ्यावी. तीही नवी असावी, कारण बोथट झालेली सुई कापडाला खाली दाबत नेते, त्यामुळे दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि शटलच्या टोकाला तो सापडत नाही.

शिवण उसवण्याचे कारण असे, की कापड ताणले गेले आणि दोरा ताणला गेला नाही. दोरा सुती न घेता पॉलिएस्टरचा घ्यावा, इंचाला १२ ते १४ टाके पडतील इतकी बारीक टीप ठेवावी, वरचा ताण चकती थोडी सैल करून कमी करावा आणि शिवताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी अगदी हलके ताणून धरावे. टाके जितके जास्त तितका दोरा शिवणीत जास्त जातो आणि शिवणीला ताणाच्या वेळी तेवढी सवलत मिळते. मुंढ्याला पाव इंचाच्या अंतराने दुसरी टीप मारली की काम बरेच टिकाऊ होते. खांद्याची शिवण मात्र याला अपवाद आहे. ती ताणली जाता कामा नये, कारण सगळ्या शर्टाचे वजन तिच्यावर असते. तिथे अर्धा इंच रुंदीची सुती फीत शिवणीत धरून शिवावी.

कडा फुगतात त्या मशीनच्या पायाचा दाब जास्त असल्यामुळे. आपल्या जुन्या मशीनवर पायाच्या दांड्याच्या वर एक फिरवायचा स्क्रू असतो. तो दोन-तीन आटे सैल करून कापडाच्या तुकड्यावर टीप मारून पाहावी. तरीही लाटा राहिल्या तर खाली पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी धरून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा.

प्रश्न: चार वर्षांच्या नातवासाठी गोल गळ्याचा टी-शर्ट शिवते, पण तो डोक्यातून जात नाही. गळा मोठा कापला की खांद्यावरून घसरतो आणि पट्टी बाहेर फाकते. मधला मार्ग काय?
(एक आजी, चिपळूण)

उत्तर: आजी, आपल्या पत्रातील हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, कारण मुलाचा कपड्यावरचा राग गळ्यापाशी सुरू होतो. माझ्या शिवणवर्गात एक आई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला नवा शर्ट घालून पाहत होती. त्याचे हात वर, डोके आत, दोन्ही कान दुमडून पट्टीखाली अडकलेले आणि आतून रडण्याचा दबलेला आवाज येत होता. त्यानंतर महिनाभर त्या मुलाने समोर बटणे असल्याशिवाय कोणताही कपडा अंगाला लावू दिला नाही.

लहान मुलाचे डोके त्याच्या मानेच्या आणि खांद्यांच्या मानाने मोठे असते, मोठ्यांसारखे प्रमाण त्याला लागू होत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण १९ इंच आणि पाच वर्षांच्या मुलाचा साधारण २० इंच असतो, म्हणजे तीन वर्षांत जेमतेम एका इंचाचा फरक पडतो. छाती आणि उंची मात्र त्या काळात पुष्कळ वाढते. म्हणून वय कमी म्हणून गळाही त्याच हिशेबाने लहान करत गेलो की चूक होते. कपाळावरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यांत फुगीर भागावरून टेप फिरवून आपण नातवाच्या डोक्याचा घेर आधी लिहून ठेवावा.

आता हिशेब पाहू. समजा डोके २० इंच आहे. पट्टी साडेवीस इंचांपर्यंत सहज ताणली गेली पाहिजे. शर्टाचा गळा शिवणीच्या रेषेवर १५ इंच ठेवला, तर रिबची (उभ्या सरींच्या, खूप ताणणाऱ्या विणीच्या कापडाची) पट्टी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे पावणेतेरा इंच घ्यावी आणि जोडासाठी दोन्ही टोकांना पाव-पाव इंच माया धरून सव्वातेरा इंच कापावी. चांगली रिब जवळजवळ दुप्पट ताणली जाते, त्यामुळे पावणेतेराचे साडेवीस करणे तिला जड जात नाही, आणि सोडल्यावर ती आक्रसून मानेपाशी बसते. हीच पट्टी शर्टाच्याच साध्या जर्सीची (टी-शर्टाच्या नेहमीच्या एकेरी विणीच्या कापडाची) कापली आणि ते कापड ३० टक्केच ताणत असेल, तर पावणेतेरा इंचांचे जेमतेम साडेसोळा होतात आणि डोके अडकते. आपल्याकडे नेमके हेच होत असावे असे मला वाटते. रिब मिळत नसेल आणि शर्टाच्याच कापडाची पट्टी लावायची असेल, तर गळा साडेसतरा इंचांच्या आसपास ठेवावा आणि पट्टी पावणेसोळा इंच घ्यावी, म्हणजे प्रमाण ९० टक्के राहते.

पट्टी फाकते ती लांब झाल्यामुळे; गळ्याला सुरकुत्या पडतात त्या पट्टी फार आखूड झाल्यामुळे. पट्टी २ इंच रुंद कापून लांबीत दुमडावी, म्हणजे पाव इंच शिवणीत जाऊन पाऊण इंच दिसते. जोडण्यापूर्वी पट्टीचे चार समान भाग करून टाचण्या लावाव्यात आणि गळ्याचेही चार समान भाग करावेत. इथे पुष्कळ जणी खांद्याची शिवण ही पाव भागाची खूण समजतात, पण पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असल्यामुळे त्या खुणा खांद्याच्या थोड्या पुढे पडतात. खूण खांद्यावरच धरली तर पुढचा भाग सुरकुततो. शिवताना फक्त पट्टी ताणावी, शर्टाला ताण देऊ नये. झाल्यावर वाफेची इस्त्री न घासता वरून टेकवावी. आत्तापर्यंत थोडी लहरलेली पट्टी तिथे डोळ्यांदेखत बसते.

एवढे करूनही सरळ टिपेचे मशीन इथे कमी पडते, कारण गळ्याची शिवणसुद्धा डोक्याएवढी ताणली जावी लागते. कपड्यातली एकच शिवण बाहेरून, दुकानातल्या ओव्हरलॉक मशीनवर करून घ्यायची असेल तर ती गळ्याची असावी. तेही नको असेल, तर डाव्या खांद्याची शिवण उघडी ठेवून तिथे पुढचा खांदा मागच्यावर इंचभर चढवावा आणि दोन टिचबटणे लावावीत. तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी टिचबटण पक्के बसले आहे ना हे जोरात ओढून तपासावे, कारण सुटलेले बटण थेट तोंडात जाते. त्याहून लहान बाळासाठी दोन्ही खांद्यांवर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर चढवलेला गळा उत्तम. त्यात बटण लागत नाही, आणि लंगोट गळून कपडा खराब झाला तर तो डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून काढता येतो.

प्रश्न: होलसेल दुकानात होजिअरीचे कापड किलोवर देतात. किती मीटर येईल ते कसे ओळखावे, आणि मुलांसाठी कोणते घ्यावे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: दुकानदाराला कापडाचे जीएसएम आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. १६० जीएसएमच्या, ६० इंच पन्ह्याच्या कापडाचा एक मीटर साधारण २४५ ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत सुमारे चार मीटर कापड येते. १८० जीएसएमचे साडेतीन मीटरपेक्षा थोडे जास्त आणि २२० जीएसएमचे तीन मीटर. कापड ट्यूबमध्ये असेल तर पसरून दिसणाऱ्या रुंदीची दुप्पट धरावी. चार वर्षांच्या मुलाचा एक टी-शर्ट आणि एक पायजमा या पन्ह्यात सव्वा मीटरमध्ये आरामात बसतो.

आपल्याकडे दुकानात येणारे बरेच होजिअरी कापड तमिळनाडूतील तिरुपूरचे असते. देशाच्या सुती होजिअरीच्या निर्यातीचा मोठा वाटा त्या गावाचा आहे. उन्हाळ्यासाठी १५० ते १८० जीएसएमची सिंगल जर्सी चांगली. रात्रीच्या पायजम्यासाठी मी इंटरलॉक सुचवते, कारण ते दोन्ही बाजूंनी सारखे, गुळगुळीत असते आणि त्याच्या कडा वळत नाहीत. थंडीसाठी आत बारीक फासे असलेले लूपनिट घ्यावे.

दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी तपासता येतात. आडव्या दिशेने चार इंच चिमटीत धरून ओढावे. सहजपणे पाच इंच झाले तर मुलांच्या कपड्याला ते चालते. सोडल्यावर ते पुन्हा चार इंचांवर आले पाहिजे, आणि तिथे पिशवीसारखा फुगा राहिला तर तो पायजम्याच्या गुडघ्यांवरही राहणार आहे, असे समजून ते कापड ठेवून द्यावे. दुसरे, कापडावरच्या फाशांच्या उभ्या ओळी तिरक्या गेल्या आहेत का ते पाहावे. सिंगल जर्सीत धाग्याच्या पिळामुळे हा तिरकेपणा येतो, आणि मग धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पोटावर येते. बेतताना जास्त ताणणारी दिशा नेहमी अंगाभोवती यावी. सुलट बाजू ओळखायची असेल तर जर्सीची आडवी कापलेली कड ओढून पाहावी. ती सुलट बाजूकडे वळते.

प्रश्न: मी वडील आहे आणि टाळेबंदीच्या काळात शिवणकाम शिकलो. पाच वर्षांच्या मुलीसाठी पायजमे शिवतो. उभी असताना ते छान दिसतात, पण ती मांडी घालून बसली की मागून खाली सरकतात आणि आसनात (दोन पाय जुळतात तिथे) ओढतात. कमरेवर इलॅस्टिकचे वळही उठतात.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: आपण मुलगी बसल्यावरही पाहिलेत याचे मला फार कौतुक वाटले. उभे करून माप घेतले जाते आणि मूल तर दिवसभर जमिनीवर बसते, उकिडवे होते, पलंगावरून उड्या मारते. पायजमा बसलेल्या मुलासाठी बेतायला हवा.

आपण पुढचा आणि मागचा भाग एकाच कागदावरून कापत असाल अशी माझी समजूत आहे. बसल्यावर पाठीमागचे अंतर वाढते, पुढचे कमी होते. म्हणून मागचे आसन पुढच्यापेक्षा कमरेपाशी एक ते सव्वा इंच उंच ठेवावे आणि मागची वळणरेषा थोडी जास्त खोल व बाहेर काढलेली असावी. रात्री लंगोट घालणाऱ्या मुलासाठी हा फरक दीड इंचापर्यंत न्यावा. माप घेताना मुलीला खुर्चीवर बसवून कमरेपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंतचे अंतर बाजूने मोजावे, त्यात एक इंच मिळवावा, म्हणजे आसनाची खोली मिळते. कुल्ल्यांच्या घेरात दोन इंच सैलपणा पुरे. पॉपलीनच्या पायजम्याला आपण चार-पाच इंच देतो, पण होजिअरीत तेवढे दिले तर दोन मांड्यांमध्ये कापडाचा गोळा होतो आणि तोच टोचतो.

बाजूची शिवण ठेवूच नये, असे मी सुचवीन. पुढचा आणि मागचा कागद बाजूच्या रेषेवर एकत्र जोडून एका पायाचा एकच तुकडा कापावा. झोपताना मूल कुशीवर असते आणि कुशीखाली शिवण नसणे हे त्याला सुखाचे होते. आधी प्रत्येक पायाची आतली शिवण घालावी, मग एक पाय सुलट करून दुसऱ्यात घालावा आणि आसन एका सलग टिपेत, दुहेरी शिवावे. मुलांच्या पायजम्यात सर्वांत आधी उसवते ते आसनच.

वळ उठतात ते इलॅस्टिक अरुंद आणि ताठ असल्यामुळे. एक इंच रुंदीचे मऊ विणीचे इलॅस्टिक घ्यावे आणि ते कमरेपेक्षा दोन इंच कमी ठेवून जोडासाठी पाऊण इंच जास्त कापावे. २१ इंच कमरेला जोडून झाल्यावर १९ इंचांचे वेटोळे राहिले पाहिजे. नेफ्यात ओवल्यावर लगेच शिवून टाकू नये. मुलीला एक रात्र सेफ्टी पिन न लावता, कच्च्या टाक्यांवर पायजमा घालून झोपू द्यावे आणि सकाळी कंबर पाहून इलॅस्टिक सैल-घट्ट करून मग पक्के करावे. नाडी घालू नये. रात्री ती सुटते, पायात येते, आणि सकाळी शाळेच्या घाईत तिची गाठ सुटत नाही.

या वयात मूल वर्षाला दोन ते अडीच इंच उंच होते. मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाला, तीन इंच लांबीची रिबची पट्टी लावून ती सुरुवातीला वर दुमडून ठेवावी. पायजमा निदान एक हिवाळा जास्त पुरतो.

प्रश्न: शिंप्याकडे इंटरलॉक करून मिळते असे म्हणतात, आणि आपण इंटरलॉक कापड घ्या म्हणता. हे एकच का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर: नाही. पिको-फॉलच्या दुकानात ज्याला इंटरलॉक म्हणतात ते कडेला जाळीदार टीप मारणारे ओव्हरलॉक मशीनचे काम आहे. इंटरलॉक कापड ही होजिअरीची दुहेरी वीण आहे. दुकानात काम देताना एक गोष्ट आवर्जून विचारावी: तीन दोऱ्यांचे मशीन प्रामुख्याने कड सांभाळते, तर चार दोऱ्यांचे मशीन कड आणि पक्की शिवण दोन्ही एकदम घालते. होजिअरीला चार दोऱ्यांचे घ्यावे.

प्रश्न: इथे अमेरिकेत मुलांच्या सुती पायजम्यांवर पिवळे लेबल असते, की कपडा अंगाला घट्ट बसणारा असावा आणि तो आगरोधक नाही. आई पुण्याहून नातीसाठी सैल, हवेशीर नाइट ड्रेस शिवून पाठवते. त्यात काही धोका आहे का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: लेबलामागे खरे कारण आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांसाठी ज्वलनशीलतेचे नियम आले. ते पाळण्यासाठी त्या काळी कापडाला रसायने लावली जात. त्यातले ट्रिस नावाचे रसायन आरोग्याला घातक असल्याचे दिसल्यावर १९७७ मध्ये त्यावर मुलांच्या कपड्यांपुरती बंदी आली. पुढे १९९६ मध्ये नियम बदलले आणि नऊ महिन्यांपर्यंतच्या बाळांचे कपडे, तसेच छाती, कंबर, मांडी, मनगट, घोटा अशा ठिकाणी ठरलेल्या मापापेक्षा सैल नसलेले कपडे रसायनाशिवाय विकण्याची मुभा मिळाली. म्हणून आपल्याला बाजारात दिसणारे सुती पायजमे इतके अंगाबरोबर असतात.

सैल कपड्याखाली हवा असते आणि त्याचा घोळ अंगापासून दूर हलतो. तो ज्योतीला सहज लागतो आणि भराभर पेटतो. अंगाला चिकटून असलेल्या कपड्याखाली ज्वाळेला हवा कमी मिळते. आईंनी शिवलेले नाइट ड्रेस टाकून देण्याचे मुळीच कारण नाही. ते दुपारी घरात घालायला द्यावेत, आणि रात्रीसाठी आईंना अंगाच्या मापात अजिबात सैलपणा न मिळवता इंटरलॉकचा पायजमा शिवायला सांगावे. होजिअरी ताणत असल्यामुळे तो घट्ट वाटत नाही.

हे उत्तर मी भारतातल्या वाचकांसाठीही लिहीत आहे. आपल्या घरात देवापुढे निरांजन असते, दिवाळीत दारात पणत्या असतात आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर मुले फुलबाज्या घेऊन अंगणात धावतात. त्या दिवशी लोंबत्या ओढण्या, घेरदार फ्रॉक आणि सैल बाह्या टाळून अंगाबरोबर बसणारा सुती होजिअरीचा जोड घालावा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, म्हणून तेही त्या दिवशी नको.

प्रश्न: माझा मुलगा लेबल आणि शिवण टोचते म्हणून कपडे काढून टाकतो. मोठी माणसे म्हणतात, लाड करता.
(एक आई, बेळगाव)

उत्तर: त्याला टोचते म्हणजे टोचते. काही मुलांची कातडी आणि स्पर्शाची जाणीव खरोखरच तीव्र असते. आपण स्वतः शिवत असाल तर शिवणी सुलट बाजूला काढाव्यात आणि त्यावर विरुद्ध रंगाचा दोरा वापरावा. आतली बाजू पूर्ण गुळगुळीत राहते आणि बाहेरची शिवण नक्षीसारखी दिसते. मागच्या गळ्याच्या शिवणीवर त्याच कापडाची अर्ध्या इंचाची पट्टी दाबून शिवावी. टाके संपतात तिथे पॉलिएस्टर दोऱ्याची टोके काडीने जाळून बंद करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याचा कडक मणी तयार होतो आणि तोच मानेला टोचतो. दोरा शिवणीत परत ओवून कापावा.

प्रश्न: यजमानांचे पुष्कळ जुने टी-शर्ट आहेत. त्यांतून नातीचे कपडे होतील का, की नवीन बाळाला जुने नको?
(एक आजी, नागपूर)

उत्तर: आजी, आपल्याकडे बाळाचे पहिले झबले, लंगोट आणि दुपटे जुन्या धुवट धोतराचे किंवा साडीचे करत आले आहेत, कारण अनेकदा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ काही नसते. जुना टी-शर्ट हा त्या धोतराचाच आजचा भाऊबंद आहे. त्यात आणखी एक सोय आहे: जे आटायचे ते केव्हाच आटून गेलेले असते.

शर्ट उजेडासमोर धरून पाहावा. पातळ झालेली जागा, बगलेतला घामाने कडक झालेला भाग आणि छातीवरचे रबरासारखे छापील चित्र वगळून बेतावे. ते चित्र घाम शोषत नाही. पुढचा आणि मागचा कागद ठेवताना त्याची खालची कड शर्टाच्या मूळ खालच्या दुमडीवर टेकवावी, आणि बाहीचा कागद मूळ बाहीच्या दुमडीवर. कारखान्यातल्या दोन सुयांच्या, ताणल्या जाणाऱ्या टिपा नातीच्या कपड्याला आयत्या मिळतात आणि आपल्याला फक्त खांदे, मुंढे, बाजू आणि गळा एवढेच शिवायचे राहते. मोठ्या मापाच्या एका शर्टात दोन वर्षांच्या मुलीचा एक टी-शर्ट होतो. दोन शर्ट घेतले तर दुसऱ्यातून पायजम्याचे दोन्ही पायही निघतात, आणि मोहरीला मूळ दुमडच राहते. जुन्या गळ्याची रिब मात्र पुन्हा वापरू नये. ती वर्षानुवर्षे ताणून सैल झालेली असते. तेवढी पट्टी नवी आणावी.